साधं मेन्थॉल

११ जानेवारी

प्रिय भाऊजी,

तुमच्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असाल. रागवा, पण हे पत्र वाचून झाल्यावर. काम निघालंय आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. तुम्हाला फोन लावला की तुमचे दादा शेजारच्या खोलीतून मधे मधे बोलायला लागतात, मग फोनच काढून घेतात आणि कारखान्यातल्या खोकल्याच्या नव्या गोळीचा वास कसा आलाय ते तुम्हाला सांगत बसतात. वास फोनवरून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

झालंय असं, की आपल्या मेन्थॉलचे ड्रम बंदरात अडकलेत. दरवेळी येतात तेच, त्याच कंपनीचे. या वेळी कस्टम्सने एक ड्रम उघडून नमुना काढला, प्रयोगशाळेत पाठवला, आणि अहवाल आला की यात मेन्थॉलबरोबर सिलिकाची भुकटी आहे आणि ती जरा जास्तच आहे. म्हणून हे शुद्ध रसायन नव्हे, मिश्रण आहे. रसायनाला कर थोडा, मिश्रणाला कितीतरी पट. एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. मागची पाच वर्षं याच नावाखाली जेवढा माल आला, त्या सगळ्यावरचा फरक भरा, अशी नोटीस आली आहे.

बंदरातून माल सोडवून देणारा आपला क्लिअरिंग एजंट, ज्याचं नाव तुम्ही 'होऊनजाईल' ठेवलंत, तो याही वेळी होऊन जाईल म्हणाला. पण म्हणताना माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता.

तो फरक भरायचा तर कारखाना विकूनही पुरणार नाही. हे यांना कळतं, पण पटत नाही. 'त्यांचा गैरसमज झालाय, समजावून सांगितलं की संपलं,' म्हणतात आणि पाकाच्या कढईपाशी जाऊन उभे राहतात. कारखान्याशिवाय या माणसाचं काय करायचं ते मला सुचत नाही. घरी बसवले तर आठ दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात यंत्रं लावतील.

तुम्ही त्याच खात्यात आहात. इथल्या कोणाच्या तरी कानावर घाला. एवढं कराच.

तुमची वहिनी


२० जानेवारी

ती. वहिनी,

नमस्कार वाकून केलाय असं समजा. गुडघ्यामुळे प्रत्यक्षात जमणार नाही.

आधी नको असलेलं सांगून टाकतो. मी कोणाच्याही कानावर काही घालणार नाही. मी दुसऱ्या बंदरात असलो तरी खातं एकच आहे. माझा शब्द गेला की दादाचं खरं असलेलंही खोटं ठरेल. तुम्ही मला हृदय नाही म्हणाल. म्हणा. सल्ला मात्र देतो, तो कोणीही देऊ शकतो.

दर ठरवायचं आमचं जे जाडजूड पुस्तक आहे, त्यात एकोणतिसावं प्रकरण सेंद्रिय रसायनांचं. त्यात बसायचं तर वस्तू एकटी हवी. मेन्थॉल म्हणजे मेन्थॉल. पण मेन्थॉल उन्हातून, जहाजातून येताना त्याचे दगड होतात. तसं होऊ नये म्हणून थोडी भुकटी घातली तर कायदा हरकत घेत नाही. माल टिकावा, नीट पोचावा म्हणून जे घालाल ते माफ. पण तीच भुकटी एखाद्या ठराविक कामासाठी माल सोयीचा व्हावा म्हणून घातली असेल, तर तो माल एकोणतिसाव्यातून उठतो आणि मिश्रणांच्या प्रकरणात जाऊन बसतो. भुकटी तीच, ड्रमही तेच. ती कशासाठी घातली, एवढाच प्रश्न असतो.

म्हणजे आपल्याला एकच म्हणायचं आहे. आमचं मेन्थॉल साधं आहे. कोणीही घ्यावं, कशातही घालावं, बामात, दंतमंजनात, गोळ्यांत. भुकटी फक्त प्रवासापुरती. याच्या पुढे एक अक्षर नाही.

आता खरी अडचण तुम्हाला माहीत आहे. हे वाक्य दादाला म्हणायचं आहे. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या कुठल्याही वस्तूला साधं म्हटलेलं नाही, त्याला. लहानपणी तो पतंगाचा मांजा करायचा, तोसुद्धा साधा नसायचा. सुनावणीची तारीख लागेल. तोपर्यंत त्याच्याकडून घोकून घ्या.

माझ्या टेबलासमोर सध्या क्रेन बंद पडलेली आहे आणि दिवसभर एक माणूस तिच्यावर चढून नुसता बसतो. त्याच्याकडे बघत हे लिहिलं.

भाऊजी


६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुमच्या पत्रावर दोन दिवस चिडून होते. मग विचार केला, तुम्ही कुठे काही चुकीचं लिहिलंय. चीड तेवढ्याने गेली नाही, पण कामाला लागले.

रोज जेवण झालं की ताटं बाजूला सारून आम्ही तालीम करतो. मी अधिकारी. चष्मा नाकावर घेते, आवाज घोगरा काढते. 'आपल्या मालात ही भुकटी कशासाठी?' हे म्हणतात, 'प्रवासात गठ्ठे होऊ नयेत म्हणून.' शाब्बास. 'म्हणजे माल साधाच?' इथे गाडं अडतं. यांचं तोंड असं होतं, की जणू मी त्यांना स्वतःचं पोर ओळखीचं नाही म्हणायला सांगतेय. काल म्हणाले, 'साधाच, पण तसा अगदी साधा नाही.' परवा म्हणाले, 'साधा म्हणजे वाईट नव्हे, लिहून घ्या.' मी हसायला लागले. हे हसले नाहीत.

मग म्हणाले, 'अगं, साधं मेन्थॉल पाकात टाकलं की एका गोळीत झणका आणि दुसरीत नुसती साखर. माणूस खोकत बसतो आणि आपल्याला शिव्या देतो. ते सगळीकडे सारखं पसरावं म्हणून मी त्या कंपनीशी किती डोकं फोडलं. भुकटी किती, किती बारीक, कुठल्या चाळणीची. ते लोक नाही नाही म्हणत होते. हे जमलं म्हणून आपली गोळी आपली आहे. आता ते साधं म्हणू?'

भाऊजी, इतकी वर्षं मीही समजत होते की भुकटी प्रवासासाठीच आहे. आता तुम्हीच सांगा, मी यांच्याकडून रोज रात्री घोकून घेते आहे ते खोटं आहे का? भुकटी दोन्हीसाठी आहे. नसती तर दगड आले असते हेही खरंच आहे ना?

पॅकिंगच्या बायकांना अजून काही सांगितलेलं नाही. शिल्लक मेन्थॉल संपत आलंय, म्हणून यांनी दोन दिवस साध्या साखरेच्या गोळ्या काढल्या आणि त्या बरणीत भरताना बायकांशी नजर चुकवत होते. त्यांना वाटलं साहेब आजारी आहेत. एकीने घरून काढा करून आणला.

वहिनी


२ मार्च

ती. वहिनी,

उत्तराला उशीर झाला. नवीन भरती झालेल्या मुलामुलींना शिकवायला दरवर्षी पाठवतात, तिथे अडकलो होतो. हुशार असतात. वह्या भरभरून लिहून घेतात.

तुम्ही विचारलंत, खोटं आहे का. नाही. भुकटी नसती तर दगड आले असते, हे खरं. तेवढं सांगणं खोटं नव्हे. बाकीचं न सांगणं हे खोटं आहे का, असं विचाराल तर मी उत्तर देत नाही. निवृत्तीनंतर विचारा.

आता नीट वाचा. सुनावणीला दादाला नेऊ नका. कारखान्यातर्फे होऊनजाईल गेला तरी चालतं. त्याला गोळ्यांतलं काही कळत नाही, आणि इथे तीच त्याची लायकी आहे. तो वाक्य पोपटासारखं म्हणेल आणि खाली बसेल. प्रवासाला तेवढी भुकटी लागते असं त्या कंपनीकडून लिहून मागवा. ते मिळालं तर सुटायची आशा आहे. मी उगीच धीर देत नाही, आशा आहे.

दादा गेलाच, तर त्याने नोटिशीत विचारलंय तेवढ्यालाच उत्तर द्यावं. कोणी आपुलकीने काही विचारलं, तरी मूग गिळून बसावं. आपुलकीने विचारलं तर जास्तच.

तुमचा
भाऊजी


२९ मार्च

प्रिय भाऊजी,

सुनावणी झाली. हे गेले होते.

मी काय करणार होते? होऊनजाईलला आदल्या दिवशी सगळं पढवलं होतं. कंपनीचं पत्रही आलं होतं, त्यात हवं तसं लिहिलेलं होतं. सकाळी उठून पाहते तर हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. 'माझ्या मालाबद्दल तो गाढव बोलणार आणि मी घरी बसणार?' मी हात टेकले. म्हटलं, निदान मी शेजारी बसते.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. भिंतीला फायलींची कपाटं, एका कपाटाचं दार दोरीने बांधलेलं. आम्ही लाकडी बाकावर बसलो. मला वाटलं होतं कोणी टकलू, खेकसणारा निघेल. आत एक तरुण अधिकारी बाई होती, आपली मुलगी शोभेल एवढी. उठून उभी राहिली, यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. होऊनजाईलने वाक्य म्हटलं. तिने कंपनीचं पत्र वाचलं, मान हलवली. यांनीही 'प्रवासासाठी' म्हटलं. मी विचारलं मनाला, सुटलो का?

मग तिने पेन खाली ठेवलं. यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, 'काका, मी तुमच्या गोळ्या शाळेत असल्यापासून खाते. हे तुम्हाला सुचलं कसं?'

भाऊजी, हा प्रश्न यांना आजपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. मी नाही, तुम्ही नाही, पोरांनी तर नाहीच. आम्ही सगळे कंटाळून उठून जातो. यांचा चेहरा असा काही झाला की मला त्यांच्या पायावर पाय द्यायचं धाडस झालं नाही. मग दिला. दाबला. त्यांनी पाय काढून घेतला.

सगळं सांगितलं. पाक कसा ओततात, मेन्थॉल कधी घालतात, दगड कसे फोडत असत. भुकटी किती आणि कुठल्या चाळणीची. जगात दुसऱ्या कोणाकडे असा माल नाही, तो फक्त आमच्या गोळीसाठी करून देतात, दुसऱ्याने घेतला तर त्याच्या काही कामाचा नाही. अगदी असंच म्हणाले, 'काही कामाचा नाही.' खिशातून पुडी काढून तिला गोळी दिली. तिने ती हातात धरली, खाल्ली नाही. पेन पुन्हा उचललेलं मी पाहिलं. ती लिहीत होती. शेवटी तिने कागद वाचून दाखवला आणि यांनी सही केली. सही करताना एका ठिकाणी चाळणीचा आकडा चुकला होता, तो दुरुस्त करायला लावला.

होऊनजाईल जिन्यात रडवेला झाला होता.

घरी येताना हे गाणं गुणगुणत होते. 'पोरीला कळलं,' म्हणाले. 'इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, तिला कळलं. आता काळजी नको.' रात्री दोन घास जास्त जेवले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी यांना एवढं आनंदी पाहिलेलं नाही, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

संपलं का सगळं? खरं लिहा.

वहिनी


५ एप्रिल

ती. वहिनी,

संपलं.

आदेश विरुद्धच लागेल. त्यांच्याकडे आता खुद्द मालकाचं सही केलेलं सांगणं आहे. कंपनीच्या पत्राला त्यापुढे अर्थ नाही. वर अपील करता येतं, पण त्याआधी मागणीचा काही भाग भरावा लागतो, आणि तो तुम्हाला जमणार नाही हे मला माहीत आहे. माझ्याकडे जे आहे ते पाठवलं तरी पुरणार नाही. तरी पाठवतो आहे, परत करू नका.

त्या अधिकारी बाईने काहीही गैर केलेलं नाही. तिने तिचं काम केलं, आणि चांगलं केलं. तिच्यावर राग धरू नका.

दादाला आदेश येईपर्यंत सांगू नका. तेवढे दिवस त्याला गुणगुणू दे.

भाऊजी


१८ ऑगस्ट

भाऊजी,

तुमची चार पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

आदेश मे महिन्यात आला. तुम्ही लिहिलं होतं तसाच. यांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. त्यात यांचीच वाक्यं होती, 'दुसऱ्याच्या काही कामाचा नाही' हेसुद्धा, चाळणीच्या दुरुस्त केलेल्या आकड्यासकट. 'बरोबर लिहिलंय तिने,' एवढंच म्हणाले.

कारखाना गेला. बायकांचे हिशेब चुकते केले. कढई तांब्याची होती, भंगारवाला वजनावर घेऊन गेला. हे त्याच्यामागे दारापर्यंत गेले, तो काहीतरी विचारेल म्हणून. त्याने काही विचारलं नाही.

आता जे लिहायचं होतं ते. कारखान्याला सील लावायला माणसं आली तेव्हा ती अधिकारी बाईही आली होती. ती यायलाच हवी होती असं नाही, मला वाटतं तिच्या मनाला लागलं असावं. जाताना आमचं आडनाव उच्चारून तिने भीत भीत विचारलं, की प्रशिक्षणाला आम्हाला या आडनावाचे एक सर होते, ते तुमचे कोणी का? हे म्हणाले, 'माझा धाकटा भाऊ.' पोरीचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं. मग तिच्या तोंडून निघून गेलं. सर शिकवायचे, की मालक स्वतः समोर बसला असेल तर मालाबद्दल विचारू नका, तो लपवेल. त्याला विचारा, हे तुम्हाला सुचलं कसं. आपल्या कामावर ज्याचा जीव आहे, तो मग काहीच हातचं राखत नाही. सर म्हणायचे, हे मी पुस्तकात नाही, घरात शिकलो.

हे ऐकून तुमचे दादा हसले. 'तो लहानपणी असंच विचारून माझ्याकडून मांजा काढून घ्यायचा,' म्हणाले. तिला म्हणाले, 'चांगला शिक्षक मिळाला तुला.' तिच्या पाठीवर थोपटलं.

तुम्ही केसाने गळा कापलात असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं की तीच तिथे असेल. पण तुम्हाला प्रश्न ठाऊक होता. 'आपुलकीने विचारलं तर जास्तच' एवढं लिहिलंत. तो प्रश्न काय असेल ते एका ओळीत लिहिता आलं असतं आणि मी यांना खोलीत कोंडून ठेवलं असतं. खात्याचं गुपित तुम्ही राखलंत. बरोबरच केलं असेल. तुमचं सगळं बरोबरच असतं.

त्या दिवसापासून हे बोलत नाहीत असं नाही. जेवायला वाढ म्हणतात, दार लाव म्हणतात. पण काही समजावून सांगत नाहीत. शेजाऱ्याचा पंप बिघडला, तो विचारायला आला, तर 'मला नाही माहीत' म्हणाले. यांना पंपातलं माहीत नाही असं कधी झालंय का? धाकटा नातू आला होता, त्याने विचारलं, आजोबा, गोळीत थंड कसं घालतात? यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. सात वर्षांच्या पोराकडे, हा का विचारतोय, अशा नजरेने. मग उठून आत गेले.

मीही विचारून पाहिलं. मुद्दाम, रात्री ताटं बाजूला सारून, इतकी वर्षं ऐकायचा कंटाळा केला ते सगळं विचारलं. म्हणाले, 'तुला काय हवंय?'

तुम्ही दिवाणखान्यात येऊन बसायचं म्हणता, तर या. घर तुमचंही आहे. जेवा, झोपा, हवे तेवढे दिवस राहा.

यांना मात्र काही विचारू नका.

वहिनी